पुरामुळे किंवा डिरेलमेंटमुळे मालगाडी अडकली तर काय करायचं? रेल्वेने पहिल्यांदाच माल मागवणाऱ्यांसाठी

मी गेली बरीच वर्षं रेल्वेने येणारा माल उतरवून घ्यायचं काम बघतोय, जास्त करून गोणीतला माल, सिमेंट, खत वगैरे. दर पावसाळ्यात कोणीतरी नवीन माणूस घाबरून फोन करतो की गाडी तीन दिवस एकाच स्टेशनवर दाखवतेय, गुड्स ऑफिसात विचारलं तर "पुढे लाइन बंद आहे" एवढंच सांगतात, आता मी काय करू. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो. लाइन बंद असते तेव्हा आपण फक्त काळजी करतो, खरं नुकसान होतं ते लाइन उघडल्यावर. गाड्या एकदम येतात, हमाल मिळत नाहीत, डेमरेज (वॅगन वेळेत रिकामी केली नाही म्हणून लागणारा चार्ज) चढतं, ई-वे बिल (जीएसटीखाली माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) संपलेलं असतं आणि घाईघाईत आपण नको तिथे सही करून बसतो. त्यामुळे गाडी उभी असते तेच दिवस तयारीचे आहेत असं समजा.

हाताशी काय काय हवं

ही फाइल गाडी निघाली त्याच दिवशी बनवा, अडकल्यावर नको:

- आरआर म्हणजे रेल्वे रिसीट (हल्ली बहुतेक ठिकाणी इलेक्ट्रॉनिक येते, तरी प्रिंट काढून ठेवा)
- फॉरवर्डिंग नोटची (बुकिंगच्या वेळी पाठवणारा रेल्वेला भरून देतो त्या फॉर्मची) कॉपी, पाठवणाऱ्याकडून मागून घ्या
- एफएनआर नंबर, याच्यावरच गाडी ट्रॅक होते
- वॅगन नंबरांची आणि सील नंबरांची यादी
- इन्व्हॉइस आणि ई-वे बिल
- ट्रान्झिट इन्शुरन्सची पॉलिसी, सगळी पानं, फक्त पहिलं पान नाही
- ट्रकवाला, मुकादम, गुड्स क्लार्क आणि इन्शुरन्सवाला यांचे नंबर एका कागदावर
- फोटो काढायला चार्ज केलेला फोन, टॉर्च आणि एक साधी वही

वहीला हसू नका, फोन कोणाला कधी केला, काय उत्तर मिळालं हे तारीख-वेळ टाकून लिहिलेलं पान सहा महिन्यांनी सोन्यासारखं उपयोगी पडतं.

१. बुकिंगच्या वेळीच चार गोष्टी बघा

पावसाळ्यात माल मागवताय तर बंदिस्त वॅगनच मागा. उघड्या वॅगनमध्ये माल लवकर मिळतो म्हणून कोणी पाठवत असेल तर थांबा, कारण जो माल एरवी बंदिस्त वॅगनमधून जायला हवा तो पाठवणाऱ्याने फॉरवर्डिंग नोटवर संमती देऊन उघड्यातून पाठवला तर नुकसान झाल्यावर रेल्वेची जबाबदारी निम्मीच राहते. रेल्वे कायदा १९८९ मध्ये कलम १०४ आहे, त्यात हे स्पष्ट लिहिलंय.

दुसरं, आरआर "सेड टू कन्टेन" आहे का बघा. म्हणजे लोडिंगच्या वेळी रेल्वेच्या माणसाने गोण्या मोजलेल्या नाहीत, पाठवणारा म्हणतोय तेवढ्या आहेत असं धरलंय. मग इथे गोण्या कमी भरल्या तर तेवढ्या चढवल्याच होत्या हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. पूर्ण रेकमध्ये (रेक म्हणजे अख्ख्या मालगाडीचे डबे) बहुतेक अशीच आरआर मिळते, त्याला फारसा इलाज नाही, पण लोडिंगचा टॅली शीट (गोण्या मोजल्याचा कागद) तरी पाठवणाऱ्याकडून मागून ठेवा.

तिसरं, मालाची किंमत. बुकिंगच्या वेळी किंमत जाहीर करून जादा चार्ज भरला नसेल तर नुकसानभरपाईला किलोमागे ५० रुपयांची मर्यादा आहे. सिमेंट-खतवाल्यांना याचा काही फरक पडत नाही पण मशिनरी, केमिकल असला महागडा माल असेल तर हा मुद्दा सोडू नका.

चौथं इन्शुरन्स, आणि इथे बहुतेक जण फसतात. इनलँड ट्रान्झिटच्या पॉलिसीत ए, बी, सी असे क्लॉज असतात. सी मध्ये फक्त आग आणि वीज. बी मध्ये डिरेलमेंट, टक्कर, पूल तुटणं अशी ठराविक यादी असते, त्या यादीत पुराचं पाणी आहे का ते स्वतः वाचा, "बी घेतलंय म्हणजे सगळं कव्हर आहे" असं एजंट म्हणाला म्हणून गप्प बसू नका. ए सगळ्यात मोठं कव्हर. पण ए असो की बी, निव्वळ उशिरामुळे झालेलं नुकसान कुठल्याच क्लॉजमध्ये मिळत नाही. माल दहा दिवस उशिरा आला आणि तोपर्यंत भाव पडला, सीझन गेला, तर ते आपल्याच खिशातून.

२. गाडी खरंच अडकलीय का ते ओळखा

मालगाडीला पॅसेंजरसारखं पक्कं टाइमटेबल नसतं, त्यामुळे सहा-आठ तास एका जागी दिसली तर लगेच घाबरू नका, लूप लाइनला (बाजूच्या रुळावर) घेऊन मागच्या एक्सप्रेस सोडत असतील. रेल्वेच्या फ्रेट पोर्टलवर एफएनआर टाकला की शेवटचं स्टेशन आणि वेळ दिसते, हा डेटा फॉइस नावाच्या सिस्टिममधून येतो. माझा नियम असा की दिवसातून तीन वेळा बघायचं, सकाळी, दुपारी, रात्री, आणि वहीत स्टेशन कोड लिहायचा. तीन नोंदींत तोच कोड आला की गुड्स ऑफिसला फोन.

फोनवर "गाडी कुठे आहे" विचारू नका, ते तुम्हाला माहितीच आहे. हे विचारा: रेक स्टेबल केलाय का, म्हणजे बाजूला उभा करून ठेवलाय का? इंजिन लावलेलं आहे की काढलंय? पुढे कुठल्या दोन स्टेशनांच्या मधे लाइन बंद आहे? इंजिन काढून दुसऱ्या गाडीला दिलं असेल तर लाइन उघडल्यावरसुद्धा तुमचा रेक लगेच निघणार नाही, आधी इंजिन यायला हवं, मग क्रू यायला हवा, त्यात अजून एक दिवस सहज जातो.

३. पुढे नक्की काय झालंय यावर सगळं ठरतं

नवीन माणूस "लाइन बंद" हे एकच वाक्य ऐकतो आणि तिथेच थांबतो, पण लाइन कशामुळे बंद आहे याच्यावर तुमची गाडी उद्या येणार की पुढच्या महिन्यात हे ठरतं. मी मनात तीन कप्पे करतो.

पहिला कप्पा, डिरेलमेंट. डबे घसरलेत पण खालची जमीन शाबूत आहे. क्रेन येते, डबे बाजूला करतात, रूळ-स्लीपर बदलतात, ओव्हरहेड वायर ओढतात आणि लाइन सुरू. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेलंगणात पेद्दपल्लीजवळ मालगाडीचे ११ डबे घसरले, दिल्ली-चेन्नईची मेन लाइन बंद झाली, पण दोनेक दिवसांत वाहतूक परत सुरू झाली होती. जून २०२३ मध्ये बालासोरला इतका भयंकर अपघात झाला तरी ५१ तासांनी त्या लाइनवरून पहिली गाडी गेली, आणि ती कोळशाची मालगाडी होती. म्हणजे डिरेलमेंट असेल तर हिशोब तासांत किंवा फार तर दोन-तीन दिवसांत करायचा.

दुसरा कप्पा, रुळाखालचा भराव वाहून जाणं. फोटोत रूळ शिडीसारखे हवेत लटकलेले दिसतात ना, ते हेच. इथे नुसते रूळ टाकून भागत नाही, खाली दगड, मुरूम, खडी भरून ते दाबावं लागतं आणि पाणी ओसरेपर्यंत कामच सुरू करता येत नाही. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला तेलंगणातच केसमुद्रम-इंटिकन्ने भागात असंच झालं होतं, तिथे साधारण चार दिवस लागले, आणि ती एवढ्या महत्त्वाची लाइन असल्यामुळे दिवसरात्र माणसं लावून केलेलं काम होतं. त्यामुळे चार दिवस हे कमीत कमी धरा, साइड लाइन असेल तर आठवडा.

तिसरा कप्पा डोंगरातला, दरडी, बोगदे, पूल. याचा अंदाज कोणीच देऊ शकत नाही. जुलै २०२४ मध्ये कोकण रेल्वेवर खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा साधारण २४ तासांत लाइन मोकळी झाली, पण मे २०२२ मध्ये आसामात दिमा हसाओच्या डोंगरात लमडिंग-बदरपूर सेक्शन इतक्या ठिकाणी तुटला की न्यू हाफलाँग स्टेशनात चिखल घुसून उभे डबे आडवे झाले आणि लाइन जुलैमध्ये सुरू झाली. बराक खोरं, त्रिपुरा, मिझोराम सगळ्यांचा रेल्वेने येणारा माल दोन महिने बंद. तिसऱ्या कप्प्यातली बातमी असेल तर दोन दिवस वाट बघा, आणि तिसऱ्या दिवशी दुसरी सोय शोधायला लागा.

अजून एक, लाइन उघडली म्हणजे गाड्या पळायला लागल्या असं नाही. नवीन भरावावरून सुरुवातीला अगदी चालत जाणाऱ्या माणसाच्या थोड्या पुढे अशा वेगाने गाड्या सोडतात, त्यासाठी ड्रायव्हरला जो लेखी आदेश देतात त्याला कॉशन ऑर्डर म्हणतात, आणि आधी पॅसेंजर मग माल.

४. "गाडी वळवलीय" म्हणजे काय

वळवली ऐकून लोकांना बरं वाटतं पण नकाशा उघडून बघा. कोकण रेल्वे बंद पडली की गाड्या पनवेल-पुणे-मिरज-लोंढा करून मडगावला नेतात. एक्सप्रेसला हे लांब पडतं एवढंच, पण भरलेल्या मालगाडीला वाटेत भोर घाट चढायचाय आणि पुढे कॅसलरॉक ते कुळे हा घाट उतरायचाय, दोन्हीकडे ३७ मध्ये १ असा चढ-उतार, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर किंवा खाली. भोर घाटात मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, ती मोजकीच असतात आणि त्याच वेळी वळवलेल्या सगळ्या गाड्या त्यांच्यासाठी रांगेत असतात. उतरताना ब्रेकची तपासणी, कमी वेग. शिवाय लोको पायलटला त्या रोडचं लर्निंग झालेलं असावं लागतं, कुठे सिग्नल, कुठे वळण, कुठे उतार हे माहिती नसलेला माणूस गाडी नेऊ शकत नाही, म्हणून क्रू मिळेपर्यंतही गाडी उभी. जादा वजन भरलेले डबे असतील तर त्या रूटवर तेवढ्या वजनाला परवानगी आहे का हाही प्रश्न असतो.

त्यामुळे वळवलेली गाडी म्हणजे लवकर येणारी गाडी असं समजून हमाल बोलावून ठेवू नका. लाइन दोन दिवसांत उघडणार असेल तर उभी राहिलेली गाडी कधीकधी आधी पोचते, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

आणि "माझ्या आरआरवर हा रूट नाही, करार मोडला" म्हणून भांडायला जाऊ नका. कलम ६९ सांगतं की रेल्वेच्या हाताबाहेरच्या कारणाने किंवा यार्डातल्या गर्दीमुळे माल दुसऱ्या रूटने नेला तर तेवढ्यावरून करार मोडला असं होत नाही. ती शक्ती पुढच्या अर्जांसाठी राखून ठेवा.

५. ई-वे बिलाची तारीख आजच बघा

हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. ई-वे बिलाला साधारण २०० किलोमीटरला एक दिवस अशी मुदत मिळते आणि गाडी आठ दिवस अडकली की ती संपून जाते. मुदत वाढवायची खिडकी मुदत संपायच्या ८ तास आधीपासून संपल्यावर ८ तासांपर्यंत, एवढीच. कारणांच्या यादीत नैसर्गिक आपत्ती आणि अपघात दोन्ही आहेत, योग्य ते निवडा. डिलिव्हरीच्या वेळी ई-वे बिल दाखवल्याशिवाय रेल्वेला माल देता येत नाही, म्हणजे गाडी आली, हमाल आले, ट्रक आले, आणि तुम्ही पोर्टलवर झगडताय, तिकडे डेमरेजचं घड्याळ चालू. मी फोनमध्ये दोन अलार्म लावतो, एक मुदत संपायच्या सहा तास आधी, एक दोन तास आधी.

६. वाट बघायची की दुसरीकडे उतरवायचं

गाडी ज्या स्टेशनवर उभी आहे त्याच्या आसपास माल उतरवायची सोय असेल आणि तिथून ट्रकने आणणं परवडत असेल तर डायव्हर्जनचा म्हणजे डेस्टिनेशन बदलायचा अर्ज करता येतो, आरआरसोबत लेखी. चार्ज लागतो, मंजुरी लागते, आणि पूर्ण रेक एकाच पार्टीचा असेल तरच हे सोपं जातं. अर्ज करायच्या आधी ट्रकवाल्याला विचारा की रस्ता तरी चालू आहे का, कारण जो पाऊस रूळ तोडतो तोच हायवेही तोडतो. आणि ट्रकवर माल चढवला की ई-वे बिलाचा पार्ट बी (वाहनाची माहिती असलेला भाग) नवीन गाडी नंबर टाकून अपडेट करायचा.

नाशवंत माल असेल तर यातलं काहीच थांबू शकत नाही, पहिल्याच दिवशी लेखी कळवा. कलम ८५ मध्ये पूर, दरड, डिरेलमेंट ही नावं घेऊन लिहिलंय की वाहतूक लवकर सुरू व्हायची शक्यता नसेल तर रेल्वे नाशवंत माल विकू शकते. आपल्याला तो माल कसा हवाय, कुठे उतरवून घेऊ शकतो हे त्याआधी त्यांच्या टेबलावर कागदावर पोचलेलं हवं.

७. लाइन उघडली, आता खरी धावपळ

अडकलेल्या गाड्या एकामागे एक सुटतात आणि एकामागे एक येतात, याला बंचिंग म्हणतात. गोणीच्या बीसीएन (बंदिस्त) वॅगनच्या एका रेकमध्ये साधारण ४२ डबे, अडीच हजार टनांच्या वर माल, म्हणजे पन्नास किलोच्या पन्नास हजारांहून जास्त गोण्या. असे दोन रेक एकाच रात्री त्याच गुड्स शेडला लागले तर हमाल तेवढेच, ट्रक तेवढेच, आणि पाऊसही चालूच. फ्री टाइम (माल उतरवायला मिळणारा मोफत वेळ) संपला की प्रत्येक वॅगनला दर तासाला डेमरेज, आणि माल उतरवून शेडवर पडून राहिला की वार्फेज वेगळं. दोन्ही एकच समजू नका, बिलं वेगळी येतात.

म्हणून गाडी दोन-तीनशे किलोमीटरवर आली की मुकादमाशी बोला आणि दोन टोळ्यांचं पक्कं करा. ताडपत्र्या आणि शेडवर खाली टाकायला लाकडी फळ्या आधी नेऊन ठेवा, गोणी ओल्या काँक्रीटवर ठेवली की खालचा थर सकाळपर्यंत गेला. गोडाऊनवाल्याला रात्री उघडं ठेवायला सांगा.

एवढं करूनही डेमरेज लागलंच तर माफीचा अर्ज करता येतो, पण तो चार्ज लागल्यापासून दहा दिवसांच्या आत. अर्जात "पावसामुळे उशीर झाला" असं एका ओळीत लिहू नका. रेक किती वाजता लागला, त्याच्या आधी-नंतर कुठले रेक लागले, पाऊस किती ते किती होता, किती हमाल होते, किती वॅगन किती वाजता रिकामे झाले, हे सगळं लिहा. वही इथेच कामाला येते.

८. वॅगन उघडताना

मी हे चुकलोय म्हणून जरा सविस्तर. पहिल्याच वर्षी एक रेक नऊ दिवस अडकून आला, रात्री दीड वाजता शेडला लागला, घाईत मी दरवाजे उघडून द्यायला सांगितलं. बाहेरून डबे कोरडे दिसत होते. दरवाज्यातल्या गोण्या ठीक होत्या, तिसऱ्या रांगेपर्यंत ठीक होत्या, मग एका हमालाने गोणी खांद्यावर घेतली आणि म्हणाला, साहेब ही दगड झालीय. मागच्या कोपऱ्यात फटीतून पाणी मुरलं होतं आणि तळापासून चार थर घट्ट बसले होते. तोपर्यंत मी माल चांगल्या स्थितीत मिळाला म्हणून सही करून मोकळा झालो होतो. त्या सहीनंतर मला काहीच मागता आलं नाही.

आता हा क्रम ठेवतो. आधी प्रत्येक वॅगनचं सील यादीशी ताडून बघायचं आणि सीलचा फोटो, त्यात वॅगन नंबर दिसला पाहिजे. मग दरवाज्याखाली, फटींजवळ टॉर्च मारून पाण्याची रेघ, पांढरे ओघळ आहेत का ते बघायचं. दरवाजा उघडल्यावर पहिलं नाक वापरायचं, ओल्या सिमेंटचा किंवा कुजट वास आला की काम थांबवायचं. गोण्या हलवायच्या आधी फोटो. सील तुटलेलं असेल किंवा माल भिजलेला दिसला तर तिथेच लेखी ओपन डिलिव्हरी मागायची, कलम ८१ प्रमाणे ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. ओपन डिलिव्हरीत रेल्वेचा माणूस समोर उभा राहून नुकसान मोजतो आणि ते कागदावर येतं. वेळ लागतो, हमाल कुरकुरतात, तरी मागा. सही त्या कागदावर आकडे लिहिल्यानंतर. इन्शुरन्सच्या सर्व्हेअरलाही तेव्हाच फोन.

९. क्लेम

दोन कलमं लक्षात ठेवा. नैसर्गिक आपत्तीने नुकसान झालं तर कलम ९३ खाली रेल्वेला सूट आहे, पण स्वतः योग्य ती दूरदृष्टी आणि काळजी घेतली होती हे रेल्वेला दाखवावं लागतं. आणि उशिरामुळे माल खराब झाला असेल तर कलम ९५, तिथे उशिरामुळेच खराब झाला हे आपण सिद्ध करायचं, आणि उशीर हाताबाहेरच्या कारणाने होता हे रेल्वेने दाखवलं की जबाबदारी जाते. म्हणजे पूर आला, गाडी थांबली, माल खराब झाला, एवढ्यावर क्लेम मिळायची आशा कमी. पण वॅगनच्या छपराला भोक होतं, दरवाजा नीट बसत नव्हता, सील तुटलं होतं, असं काही असेल तर तो वेगळा मुद्दा आहे आणि अर्जात तोच पहिल्या ओळीत यायला हवा.

नोटीस कलम १०६ खाली सहा महिन्यांत द्यायची. हे सहा महिने माल रेल्वेच्या ताब्यात दिला त्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला मिळाला त्या तारखेपासून नाही. दोन महिने अडकलेली गाडी असेल तर तुमच्याकडे चारच उरले. इन्शुरन्स आहे म्हणून ही नोटीस टाळू नका, कारण कंपनी तुम्हाला पैसे देऊन नंतर रेल्वेकडे मागते, आणि तुम्ही नोटीसच दिली नसेल तर तिचा तो हक्क बुडतो आणि मग ती तुमच्या क्लेमला कात्री लावते. नोटीस स्पीड पोस्टाने, झोनल रेल्वेच्या क्लेम्स ऑफिसला, आरआर, इन्व्हॉइस, ओपन डिलिव्हरीचा कागद, फोटो जोडून.

त्यातून काही झालं नाही तर रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनल आहे, मालाच्या बाबतीत तिथे जायला तीन वर्षांची मुदत असते. तिथे वकील लावा, पण जाताना फाइलसोबत ती वहीही घेऊन जा.